मास्तरांच्या तीन टोपल्या

बाईंच्या तोंडात पुदिन्याची गोळी दिसली, की समजावं त्या कामावर आहेत. एरवी त्या तोंडाला विश्रांती नसे. घरी नवरा त्यांना 'रेडिओ' म्हणायचा आणि बंद करायचं बटण पंचवीस वर्षांत सापडलं नाही, अशी तक्रार येणाऱ्याजाणाऱ्याकडे करायचा. कापडाच्या दुकानात बारा वर्षं उभं राहून त्यांनी गिऱ्हाइकांना बोलण्यात असं काही गुंतवलं होतं, की पडद्याचं कापड नुसतं बघायला आलेली माणसं सोफ्याच्या खोळीही घेऊन जात. आणि अशा बाईनं पन्नाशीला टेकल्यावर नोकरी धरावी कुठली? तर गप्प बसण्याची.

संस्थेच्या कागदावर त्यांचा हुद्दा 'सोबती' असा होता. जन्मापासून ज्यांची समज जरा निराळ्या चालीनं चालते, अशा मोठ्या माणसांना दवाखान्यात, बँकेत, कचेरीत, थोडक्यात जिथं कुणी टेबलापलीकडून प्रश्न विचारतं तिथं, शेजारी बसून साथ द्यायची. नियम तीनच. समोर बसायचं नाही, शेजारी बसायचं. त्याच्या वतीनं उत्तर द्यायचं नाही. आणि त्याचं बोलणं पुरं होईपर्यंत दुसऱ्या कुणाला मध्ये तोंड घालू द्यायचं नाही, मग ते आपल्याला पटो न पटो. पहिला आणि तिसरा नियम बाईंना लगेच मानवला. दुसऱ्यानं मात्र त्यांचा जीव नकोसा केला. म्हणून ती गोळी. चांगली मोठी, टणक, गालात धरली की शब्द बाहेर फुटू नये अशी.

त्या दिवशी समाजसेवा खात्याच्या कचेरीत, साहेबांच्या खोलीबाहेरच्या बाकावर, अकराला दहा कमी असताना त्यांनी गोळी तोंडात टाकली. शेजारी मास्तर बसले होते. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर चौकटीची टोपी, आणि टोपीवर दोन्ही हात.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. शाळेनं त्यांच्यापुढे दुसरीतच हात टेकले होते. वय सेहेचाळीस. एका मोठ्या रुग्णालयाच्या लॉन्ड्रीत ते अठरा वर्षं काम करत होते. धुऊन वाळलेली प्रत्येक चादर त्यांच्या हाताखालून जायची. ती दोन्ही हातांनी खिडकीच्या उजेडासमोर धरायची, आधी सुलट, मग उलट, आणि तीन टोपल्यांपैकी एकीत टाकायची. चांगली असेल तर 'चालेल'. डाग राहिला असेल तर 'परत', म्हणजे पुन्हा धुवायला. भोक पडलं असेल तर 'शिवायला'. घाई नाही, चूक नाही. तिथला मुकादम एरवी तोंडाचा फाटका, पण मास्तरांबद्दल म्हणायचा, "ह्यांनी पास केलेली चादर खुशाल राजाच्या पलंगावर घाला." पास-नापास करतात म्हणून मास्तर. आता तर त्यांची सख्खी बहीणसुद्धा चारचौघांत त्यांना मास्तरच म्हणायची.

आज मात्र मास्तरांचीच तपासणी होती. त्यांनी स्वतःच्या खोलीत राहायचं, की शहराबाहेरच्या निवासात जायचं, ते साहेब ठरवणार होते. निवासात चाळीस खाटा होत्या, बाग होती, फाटकावर पहारेकरी होता. तिथून लॉन्ड्रीत यायला दोन बस बदलाव्या लागत, म्हणजे अठरा वर्षांच्या कामालाही रामराम. एक तारखेपासूनची जागा त्यांच्या नावानं राखून ठेवली होती, आणि आज सव्वीस तारीख होती.

हे सगळं झालं दुधापायी. आई गेल्यावर चार वर्षं मास्तर लॉन्ड्रीमागच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावरच्या त्याच खोलीत एकटे राहत होते. त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठ्या ताई सकाळ-संध्याकाळ डबा घेऊन यायच्या. दोन महिन्यांपूर्वी मास्तरांनी गॅसवर दूध ठेवलं आणि खाली कुणीतरी हाक मारली म्हणून दार ओढून ते उतरले. दूध जळलं, पातेलं जळलं, शेजाऱ्यांनी दार फोडलं, आणि धुराचा लोट जिन्यातून खाली आला तेव्हा ताई नेमक्या डबा घेऊन वर चढत होत्या. नुकसान झालं ते एका पातेल्याचं, पण ताईंनी जो धसका घेतला तो घेतलाच. आठवड्याच्या आत त्यांनी निवासासाठी अर्ज केला.

त्या अर्जावर साहेबांनी मास्तरांना एकदा बोलावलं होतं. तेव्हा बाई नव्हत्या. साहेबांनी विचारलं, "निवासात जाशील ना?" मास्तर म्हणाले, "हो." "तिथं बाग आहे, आवडेल ना?" "हो." "ताईची काळजी मिटेल, बरोबर ना?" "हो." पाच मिनिटांत काम फत्ते. कागदावर 'राजीखुशीनं तयार' असा शेरा पडला आणि खाली मास्तरांचा अंगठा.

त्यानंतर मुकादमानं संस्थेला फोन केला. "आमचे मास्तर 'हो' म्हणाले म्हणता? अहो, ते कुणालाही 'हो' म्हणतात!"

बाई खोलीवर गेल्या तेव्हा त्यांना पहिल्या पाच मिनिटांत कळलं, की मुकादम खरं बोलत होता. "मास्तर, तुम्हाला साप पाळायला आवडेल का?" "हो." "ह्या खिडकीतून खाली उडी मारू या का?" "हो." बाई हसल्या. मग त्यांनी गंमत म्हणून खुंटीवरची चौकटीची टोपी काढली. "ही मी घेऊन जाऊ का? कायमची?" "हो." बाई खरोखर ती टोपी डोक्यावर घालून जिन्यापर्यंत गेल्या, आणि वळून बघतात तर मास्तर रिकाम्या खुंटीकडे पाहत उभे, डोळ्यांत पाणी, आणि तोंडानं हळूहळू "हो, हो" चाललेलं. ती टोपी आईनं घेतलेली होती. बाईंचं हसू जागच्या जागी विरलं. त्यांनी टोपी खुंटीवर ठेवली आणि मास्तरांच्या शेजारी खाटेवर बसून राहिल्या.

नंतर ताईंकडून कळलं, की ही आईचीच शिकवण. लहानपणी मास्तर कुठं "नाही" म्हणाले, की कुणीतरी हात उगारायचं, कुणी चिडवायचं, कुणी ढकलायचं. आईनं घोकून घेतलं होतं, "मोठ्या माणसांनी काही विचारलं, की हो म्हणायचं, बाळा. मग कुणी रागवत नाही." बिचारीनं पोराला जपण्यासाठी तेवढं एक हत्यार हातात दिलं होतं, आणि आता तेच उलटलं होतं.

मग बाईंनी कंबर कसली. दोन आठवडे रोज त्या खोलीवर जायच्या आणि मास्तरांना "नाही" म्हणायला शिकवायच्या. पहिल्या दिवशी ते नुसते ओठ हलवत. तिसऱ्या दिवशी कुजबुजले. पाचव्या दिवशी बाईंनी टोपीकडे हात नेताच मास्तर उभे राहिले, टोपी छातीशी धरली आणि शेजाऱ्यांनी दारं उघडून बघावं एवढ्या मोठ्यांदा म्हणाले, "नाही!" बाईंनी टाळ्या वाजवल्या. मास्तर इतके खूश झाले, की त्यांनी लगोलग आणखी सात-आठ वेळा म्हणून दाखवलं. तीन दिवसांनी मुकादमाचा फोन आला. "काय जादू केलीत हो? चहा विचारला तर नाही, बिस्कीट विचारलं तर नाही, तीन दिवस उपाशीपोटी हसतायत!" बाईसुद्धा पोट धरून हसल्या. त्याच वेळी कान टवकारायला हवे होते. पण आपल्या शिकवणीचं कौतुक होत असताना कुणाचे कान टवकारतात?

बरोबर अकराला शिपायानं हाक मारली.

खोलीत साहेब टेबलामागं होते. निवृत्तीला आलेले, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. माणूस वाईट नव्हता, कामाखाली वाकलेला होता. टेबलाच्या एका कडेला कागदांचे तीन लाकडी ट्रे वेडेवाकडे पडलेले. ताई आधीच येऊन भिंतीशी बसल्या होत्या, पर्स पोटाशी धरून. बाईंनी मास्तरांच्या खुर्चीशेजारी आपली खुर्ची ओढली आणि गोळी डाव्या गालातून उजव्या गालात सरकवली.

"तर," साहेब म्हणाले. संस्थेनं लेखी विनंती केल्यामुळे आज ते अहो-जाहो करत होते. "मागच्या वेळी तुम्ही हो म्हणाला होतात. ह्या बाईंचं म्हणणं, तुम्हाला पुन्हा विचारावं. मी विचारतो. तुम्हाला निवासात राहायला जायचंय का?"

मास्तरांनी मान वर केली. "नाही!"

टेबलावरचा पेन घरंगळावा एवढा मोठा आवाज होता. बाईंच्या छातीत अभिमान मावेना. साहेबांनी भुवया उंचावल्या आणि लिहून घेतलं.

"बरं. मग तुम्हाला तुमच्या खोलीतच राहायचंय?"

"नाही!"

गोळी बाईंच्या घशाशी गेली ती जेमतेम परत आली.

साहेब थांबले. त्यांनी चष्मा चढवला. "लॉन्ड्रीतलं काम आवडतं तुम्हाला?"

"नाही!"

"ही तुमची ताई. ताई आवडते?"

"नाही!" मास्तर म्हणाले, आणि शाबासकीसाठी हसऱ्या चेहऱ्यानं बाईंकडे वळले.

मग ताई उठून उभ्या राहिल्या. आवाज कापत होता, पण रागानं कमी आणि दुखावल्यामुळे जास्त. "बघितलंत साहेब? हे शिकवलं ह्यांनी माझ्या भावाला. चाळीस वर्षं तळहाताच्या फोडासारखा जपला त्याला मी आणि आईनं. आणि ह्या बाई दोन आठवड्यांत येऊन..." पुढं त्यांना बोलवेना. त्या खाली बसल्या.

साहेबांनी सुस्कारा सोडला आणि पेनाचं टोपण उघडलं. ते टोपण बघून बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. पेन एकदा कागदाला टेकला, की एक तारीख ठरली. त्यांनी गोळी तोंडातून काढली, कागदात गुंडाळून मुठीत धरली.

"साहेब, चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "मास्तरांची नाही. ते सगळ्याला हो म्हणायचे म्हणून मी त्यांना नाही म्हणायला शिकवलं. पण नुसतं म्हणायलाच शिकवलं. कशाला म्हणायचं ते राहूनच गेलं. ताई रागावल्या ते बरोबर आहे."

"तुमचा प्रामाणिकपणा मान्य," साहेब म्हणाले. "पण मी लिहू काय? मागच्या वेळचं हो खरं नाही, ह्या वेळचं नाही खरं नाही. तुम्हीच सांगा, ह्यांना काय हवंय?"

उत्तर बाईंच्या जिभेच्या टोकावर होतं. ह्यांना खोलीत राहायचंय, एवढंच तर म्हणायचं होतं. साहेबांनी ते लिहिलंही असतं. तोंड उघडलं आणि बाईंच्या लक्षात आलं, की हे आपल्याला ठाऊक नाही. दोन आठवडे त्या रोज त्या खाटेवर बसल्या, पण मास्तर, तुम्हाला काय हवंय, हे त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. खोलीतच राहायचं असणार, असं त्यांनीही ठरवून टाकलं होतं. साहेबांनी ठरवलं तसं, ताईंनी ठरवलं तसं. बाईंना स्वतःची लाज वाटली. त्यांनी तोंड मिटलं आणि मान हलवली.

"मला माहीत नाही, साहेब."

आणि तेवढ्यात मास्तर बोलले. कुणी काही विचारलं नव्हतं. खोलीत आल्यापासून त्यांचे डोळे टेबलाच्या कडेवर खिळले होते, ते कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"ह्या कशाच्या टोपल्या?"

साहेबांनी वळून पाहिलं. "ह्या? हे ट्रे होय. एकात आलेले कागद, एकात जायचे, एकात अडलेले."

"वाकड्या आहेत," मास्तर म्हणाले. ते उठले, तिन्ही ट्रे एका रेषेत लावले, कडेला कड भिडवली आणि समाधानानं मागं सरकले. "आमच्याकडे पण तीन. चालेल, परत, शिवायला."

बाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्यांच्या पिशवीत पहिल्या आठवड्यात काढून ठेवलेले फोटो होते. खोलीचा, गॅसचा, लॉन्ड्रीचा, ताईंचा, आणि निवासाचं रंगीत माहितीपत्रक. मास्तरांशी बोलायला उपयोगी पडतील म्हणून काढले, आणि "नाही"च्या नादात विसरले. त्या म्हणाल्या, "साहेब, दहा मिनिटं द्या. आणि हे ट्रे रिकामे करा."

"अहो, सहा महिन्यांचे अडलेले कागद आहेत त्यात!"

"सहा महिने अडलेत ना? मग आणखी दहा मिनिटांनी काय बिघडतंय?"

बोलून गेल्यावर बाईंनी जीभ चावली. पण साहेबांच्या मिशीखाली काहीतरी हललं. त्यांनी स्वतः उठून कागदांचे गठ्ठे खुर्चीवर ठेवले आणि तीन ट्रे खिडकीशी मांडले.

"मास्तर," बाई म्हणाल्या, "माल आलाय. तपासता का?"

मास्तर बदलले. खांदे सरळ झाले. त्यांनी टोपी डोक्यावर घातली, कारण कामावर टोपी घालायची असते, आणि हात पुढं केला. बाईंनी लॉन्ड्रीचा फोटो दिला. मास्तरांनी तो दोन्ही हातांनी खिडकीच्या उजेडासमोर धरला, सुलट, मग उलट. "चालेल," म्हणाले आणि पहिल्या ट्रेत ठेवला. मघाशी "नाही" म्हणताना जसा आवाज होता, तसा हा नव्हता. हा हळू होता, आणि सहज.

माहितीपत्रक त्यांनी बराच वेळ धरलं. बाग बघितली, फाटक बघितलं. "परत."

"डाग आहे का काही?" साहेबांनी विचारलं. ते आता खुर्चीत नव्हते, टेबलाच्या ह्या बाजूला येऊन उभे होते.

"लांब आहे. मुकादम नाही. माझ्या चादरी कोण बघणार?"

गॅसचा फोटो त्यांनी उजेडात धरलाच नाही. "परत. धूर होतो." पटकन ठेवून हात शर्टाला पुसले.

मग खोलीचा फोटो. बाईंनी तो देताना मनात म्हटलं, चालेल म्हणा, मास्तर, चालेल म्हणा. मास्तरांनी सुलट बघितला. उलट बघितला. पुन्हा सुलट. आणि तिसऱ्या ट्रेत ठेवला.

"शिवायला."

भिंतीशी ताई पुढं वाकल्या. पण साहेबांनी घाई केली नाही. त्यांनी विचारलं, "भोक कुठं आहे?"

मास्तरांनी फोटोवर बोट ठेवलं, ओट्याच्या जागी. "इथं. गॅस." मग बोट सरकवून दारापाशी रिकामी खुर्ची होती तिथं नेलं. "आणि इथं."

"इथं काय आहे?"

"आई बसायची. आता संध्याकाळी कुणी नसतं."

"ताई येतात की रोज."

"ताई येते. डबा ठेवते. गॅस बघते. जाते." मास्तरांनी जरा विचार केला आणि आणखी एक शब्द जोडला. "पळत."

ताईंनी मान खाली घातली.

"बरं, मास्तर," साहेब म्हणाले, "शिवायच्या टोपलीतल्या चादरीचं पुढं काय होतं? टाकून देता?"

मास्तरांना हा प्रश्न मुळीच आवडला नाही. अठरा वर्षं काम केलेला माणूस दुखावला गेला होता. "टाकायची टोपली नाही आमच्याकडे," त्यांनी ठणकावून सांगितलं. "शिवतात. शिवली की चालते. पुष्कळ दिवस चालते."

बाईंच्या मुठीत एक फोटो उरला होता. तो द्यावा की नाही, ह्या विचारात त्या असतानाच मास्तरांनी तो ओढून घेतला. ताईंचा होता. मास्तरांच्या खोलीच्या दारात उभ्या, हातात डबा. मास्तरांनी तो उजेडासमोर धरला, आणि सगळ्यांपेक्षा जास्त वेळ धरला. ताईंनी श्वास रोखला होता. मघाचं "नाही" अजून त्यांच्या तोंडावर उमटलेलं दिसत होतं.

मास्तरांनी फोटो खोलीच्या फोटोवर ठेवला. "शिवायला."

"मला काय झालंय रे?" ताईंच्या तोंडून निघालं.

"गुडघे," मास्तर म्हणाले. "जिन्यात थांबतेस तू. प्रत्येक मजल्यावर. मला वर ऐकू येतं. दमलीस तू, ताई."

ताईंनी पदर तोंडाशी नेला, पण रडू काही पदराला आवरलं नाही. "साहेब, मला घालवायचं नाहीये हो त्याला," त्या म्हणाल्या. "कुणाला वाटतं पाठचा भाऊ लांब जावा? पण तो धूर बघितल्यापासून मला झोप नाही. मी नसले तर ह्याचं काय, हेच डोक्यात. वाटलं, माझ्या डोळ्यांदेखत कुठं तरी सुरक्षित ठेवावा. ह्याला काय हवं ते विचारायचं मला सुचलंच नाही. इतक्या वर्षांत कधी विचारलंच नव्हतं ना." मास्तर त्यांच्याजवळ गेले आणि आपली टोपी काढून त्यांच्या मांडीवर ठेवली. का, ते त्यांनाच ठाऊक. पण ती टोपी ते कुणाला देत नसत.

पुढचं काम पंधरा मिनिटांत उरकलं. साहेबांनी निवासाला फोन लावून राखलेली जागा सोडायला सांगितलं. मग एक कोरा कागद घेतला आणि त्यावर मोठ्या अक्षरांत चार ओळी लिहिल्या. मास्तर आपल्या खोलीतच राहतील. गॅस काढून आपोआप बंद होणारी विजेची शेगडी बसवायची, ती कशी वापरायची ते महिनाभर शिकवायचं. आठवड्यातून तीन संध्याकाळी संस्थेचं माणूस सोबतीला येईल, आणि डबा रुग्णालयाच्या खानावळीतून, म्हणजे ताईंना जिना चढावा लागणार नाही. सहा महिन्यांनी पुन्हा सगळ्यांनी बसून बघायचं. प्रत्येक ओळ त्यांनी सावकाश वाचून दाखवली. शेगडीच्या ओळीला मास्तरांनी हात वर केला. "पुन्हा सांगा." साहेबांनी पुन्हा सांगितलं. बाईंनी ऐकलं होतं त्याप्रमाणे, कचेरीत कुणाला "पुन्हा सांगा" म्हणण्याची मास्तरांची ही जन्मातली पहिली वेळ.

सवयीनं साहेब म्हणायला गेले, "मान्य आहे ना?" आणि मध्येच थांबले. त्यांनी कागद मास्तरांपुढं धरला. "तपासा."

मास्तरांनी कागद खिडकीशी नेला. उजेडासमोर धरला, सुलट, मग उलट.

"मागं काही नाही."

"मागं कोराच आहे तो."

मास्तरांनी आणखी एकदा सुलट बघितला. बाई, ताई आणि साहेब, तिघंही त्या हातांकडे बघत होते.

"चालेल," मास्तर म्हणाले, आणि कागद पहिल्या ट्रेत, लॉन्ड्रीच्या फोटोवर, कडेला कड लावून ठेवला.

बाईंचा जीव भांड्यात पडला. इतका, की त्या मटकन खुर्चीत बसल्या. ताई रडताहेत की हसताहेत ते कळत नव्हतं, बहुधा दोन्ही. साहेबांनी चष्मा पुसला, तो आधीच स्वच्छ होता. मग ट्रेमधून काढलेल्या सहा महिन्यांच्या गठ्ठ्याकडे बघत म्हणाले, "मास्तर, हे पण तपासून देता का?" मास्तर खरंच गठ्ठ्याकडे निघाले, तेव्हा त्यांना दंडाला धरून बाहेर आणावं लागलं.

रस्त्यावर ऊन होतं आणि पलीकडे चहाची टपरी होती. बाईंना बोलायचं होतं. तासाभराचं तुंबलेलं सगळं बाहेर यायला धडपडत होतं, आणि आता कुठला नियम आड येत नव्हता. "चला मास्तर, चहा घेऊ या," त्या म्हणाल्या.

"नाही."

बाई आणि ताईंनी एकमेकींकडे पाहिलं. हे शिकवलेलं की खरं?

"चादरी थांबल्यात," मास्तर म्हणाले. "मुकादमाला जमत नाही. सगळ्याच पास करतो." त्यांनी ताईंच्या हातातली टोपी घेतली, डोक्यावर नीट बसवली. दोन पावलं गेले आणि परत आले.

"उद्या या. संध्याकाळी. खोलीवर. दोघी."

ताईंचा हात आपसूक पर्सकडे गेला. खोलीची किल्ली त्यात असायची. "येते. शेगडी येईपर्यंत गॅस बघायलाच हवा."

"गॅस नाही," मास्तर म्हणाले. "बसायला ये."

ताईंनी पर्स सोडली. दारापाशीच्या त्या खुर्चीत आई गेल्यापासून आपण एकदाही टेकलो नाही, हे त्यांना तेव्हा आठवलं असावं, कारण त्यांनी पुढं होऊन मास्तरांच्या शर्टाची कॉलर सारखी केली. बाईंचं तोंड रिकामं होतं, मुठीतली गोळी केव्हाच चिकटून गेली होती, आणि तरीही त्या एक अक्षर बोलल्या नाहीत.

"बसते रे," ताई म्हणाल्या. "चांगली तासभर बसते. तुला चालेल ना?"

मास्तरांनी ताईंकडे नीट बघितलं. मग मान डोलावली आणि लॉन्ड्रीच्या दिशेनं झपाझप चालायला लागले.